शनिवारची नखं

आमच्या घरात शनिवारी नखं कापत नाहीत. का कापत नाहीत हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. हायस्कुलात तीस वर्षं गणित शिकवलं, मुलांना प्रत्येक पायरीपुढे कारण लिहायला लावलं, पण घरी शनिवारी नेलकटर कपाटात म्हणजे कपाटात. आणि दानियलभाऊ आमच्या दारात पहिल्यांदा उभे राहिले तो वार नेमका शनिवार होता.

"आजारी माणसांची नखं कापून देतो. तुमच्याकडे आबा आलेत असं कळलं," ते म्हणाले.

"आज शनिवार आहे," मी म्हटलं. शाळेत उशिरा आलेल्या पोराला बोलावं तशीच बोलले असणार.

"माहीत आहे बाई. कापायला नाही आलो. तुमच्याकडे कोणता वार चालतो, ते विचारायला आलो."

सत्तरीच्या आसपासचे, किडकिडीत. पांढऱ्या हाफ शर्टाच्या बाहीला इस्त्रीची कडक घडी. खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. मी बुधवार म्हणून सांगितलं. त्यांनी खिशातून छोटी वही काढून तो लिहून घेतला, नमस्कार केला आणि निघून गेले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

आबा म्हणजे माझे वडील. सावद्याचे, केळीतले. आयुष्यभर पहाटे बागेत जाऊन पानांकडे बघूनच पाणी कमी पडलं की जास्त झालं ते सांगणारा माणूस. वयाच्या पंचाहत्तरीत त्यांना लकवा झाला आणि उजवं अंग गेलं. जळगावच्या दवाखान्यातून सुटल्यावर माझा भाऊ म्हणाला, सावद्यात व्यायाम करून घेणारं कुणी नाही, काही महिने धुळ्याला ने. म्हणून देवपुरातल्या आमच्या घरी पुढच्या खोलीत त्यांची खाट पडली. बोलणं थोडं अडखळायचं, पण डॉक्टर म्हणाले होते की वाचा शाबूत आहे. पण आबांनी बोलणंच सोडलं. तोंड भिंतीकडे केलं. दोन घास भरवले की तोंड मिटून घ्यायचे. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी आठवड्याभरात रडकुंडीला आली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "त्यांच्या मनात नसेल तर आमच्या हातात फारसं काही नाही." मी मान डोलावली आणि घरी येऊन स्वयंपाकघरात ओट्याला धरून रडले.

बुधवारी दानियलभाऊ आले. डबा उघडला. आत दोन नेलकटर, एक हाताचं, एक पायाचं, स्वच्छ धुतलेला नॅपकीन, मऊ ब्रश, खोबरेल तेलाची छोटी बाटली आणि एक घडी घातलेलं वर्तमानपत्र. त्यांनी माझ्याकडून कोमट पाण्याचं घमेलं मागून घेतलं, आबांचे पाय त्यात ठेवले आणि दहा मिनिटं नुसते बसून राहिले. मला वाटलं, आता देवाचं काहीतरी सुरू होणार. पण ते आबांच्या पाठीला उद्देशून त्यांच्या साक्रीकडच्या बोलीत एवढंच म्हणाले, "आबा, नखं वाढी राहिनात ना. म्हणजे देवनी तुमले सोडेल नही. काम बाकी शे."

आबांनी पाय काढून घेतला नाही.

हे 'काम बाकी शे', म्हणजे काम बाकी आहे, त्यांच्या तोंडात सारखं असे. गॅस संपला तरी, कुणाचा मुलगा नापास झाला तरी, कुणी अंथरुणाला खिळलं तरी. सुरुवातीला मला ते ऐकून चीडच यायची. ज्या माणसाचा हात उठत नाही त्याला काम काय सांगता?

दानियलभाऊ एका मिशनच्या दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, हे पस्तीस वर्षं केलेलं. त्यांचे वडील साक्रीकडच्या एका पाड्यातून त्या दवाखान्याची बैलगाडी हाकायला आले आणि तिथंच ख्रिस्ती झाले. दवाखाना बंद पडला, भाऊ निवृत्त झाले, पण हाताची सवय गेली नाही. नख कापण्याआधी ते बोटांच्या बेचक्यात बघत. आमच्या गल्लीतल्या एका साखरेच्या पेशंटच्या करंगळीखाली त्यांनी जखम शोधली, ती घरच्या कुणालाच दिसली नव्हती. कापून झालं की प्रत्येक नखावरून स्वतःचा अंगठा फिरवून बघत. कुठं खरखरीत लागलं की पुन्हा कानस. घाई नाही म्हणजे नाही.

आणि त्यांची ती वही! कुणाचा शनिवार बंद, कुणाचा मंगळवारही बंद, कुणाकडे एकादशीला नाही, कुणाकडे दिवे लागल्यावर नाही, त्यांच्या शेजारच्या हमीदाबींना शुक्रवारी सकाळीच हवं. एवढे वार आणि तिथी भटजींच्या पंचांगातही नसतील. एकदा चुकले होते. बाजारातल्या एका मारवाडी दुकानदाराच्या आईची नखं त्यांनी अमावास्येला कापली. दुसऱ्याच दिवशी म्हातारी न्हाणीघरात पडली. हाड मोडलं नाही, पण घरच्यांनी भाऊंना दारात उभं केलं नाही. हे गृहस्थ पुढचे पंधरा दिवस रोज त्या दुकानासमोरून जायचे आणि लांबूनच विचारायचे, "माँजी कशा आहेत?" शेवटी म्हातारीनंच निरोप धाडला की नखं वाढलीत, त्या साहेबाला बोलवा. त्या दिवसापासून वहीत अमावास्या लाल शाईनं.

"तुम्ही तर हे वार मानत नाही," मी एकदा म्हटलं.

"मी नाही मानत. पण हात त्यांचा आहे ना बाई."

मी फटकळ आहे. मनात आलेलं पोटात राहत नाही. दुसऱ्या की तिसऱ्या बुधवारी मी सरळ विचारलं, "आबांना ख्रिस्ती करायला येता का तुम्ही?" ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "बाई, नखं कापून कोणी ख्रिस्ती होतं का? तसं असतं तर आमचं चर्च भरून वाहिलं असतं. रविवारी येऊन बघा, मागचे सहा बाक रिकामे असतात." मग गंभीर होऊन म्हणाले, "मी प्रार्थना करतो, अर्धं मिनिट. विचारून करतो. नको म्हटलं तर रस्त्यात करतो." आबांना विचारलं तर आबा गप्पच. मग भाऊ आमच्या गेटबाहेर जाऊन, सायकलीच्या हँडलवर हात ठेवून, डोळे मिटून उभे राहत. गल्लीतली कुत्रीसुद्धा ओळखीची झाली होती.

असे तीन बुधवार गेले. आबा रोडावत चालले होते. चौथ्या बुधवारी भाऊ एक केळीचं पील, म्हणजे बुंध्याशी फुटलेलं रोप, घेऊन आले, कुणाच्या तरी परसातून उपटून आणलेलं. मला म्हणाले, "आबांना बरं वाटेल." खिडकीसमोरच्या अंगणात त्यांनी खड्डा खणला आणि पील उभं केलं. साक्रीकडचा माणूस, बाजरी-भुईमुगातला. केळीचं त्यांना ओ का ठो कळत नव्हतं. मी आबांना कूस बदलून देत होते, म्हणून त्यांचं तोंड खिडकीकडे होतं.

"ओ भाऊ!"

मी दचकले. दोन महिन्यांनी ऐकला होता तो आवाज. जड, अडखळता, पण रागीट.

"रुंद पानाचं पील कोन लावते? तलवारीच्या पात्यावानी पान पाहिजे. अन् इतलं खोल गाडता का त्याले? मरन ना ते!"

भाऊ मातीच्या हातांनी तसेच खिडकीशी आले. "मंग कसं लावू आबा? सांगा ना."

आबांनी सांगितलं. सांगता सांगता घाम फुटला, शब्द अडकले, पण त्या दिवशी भाऊंकडून त्यांनी तीनदा खड्डा खणून घेतला. रात्री अर्धी भाकरी खाल्ली. भाऊंनी पील मुद्दाम चुकीचं आणलं होतं का, हे मी पुढे त्यांना शपथेवर विचारलं. ते म्हणाले, "नाही बाई, मला खरंच येत नव्हतं. आलं असतं तर नीटच लावलं असतं आणि आबा गप्प राहिले असते." त्या पिलाला घड कधी आला नाही, आबा म्हणाले होते तसंच. पण पानं भरपूर आली.

पुढच्या बुधवारी आबा आपणहून बोलले. भाऊ त्यांचा पाय मांडीवर घेऊन बसले होते.

"भाऊ, घड उतरला का खोडाचं काम संपते. आमी कापूनच टाकतो. मले कायले ठेवता?"

मी दारात होते. भाऊंनी मान वर केली नाही. म्हणाले, "लगेच कापी टाकतस का?"

आबा शेतकरी. शेतीचं खोटं त्यांच्यानं बोलवेना. "लगेच नाही," ते म्हणाले. "वरून छाटतो. खालचं उभं ठेवतो काही दिवस. त्याच्यातला रस पिलाले जाते."

भाऊंनी पुढचं नख कापलं, अंगठा फिरवून बघितलं, मग त्याच्या पुढचं. मला त्या क्षणी त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. उपदेश पाठ करून आलेला कुणी असता तर त्यानं इथं हात उंचावून चार वाक्यं ऐकवली असती.

त्या दिवशी निघताना त्यांनी आबांच्या डाव्या हातात नेलकटर दिलं आणि खराट्याच्या वीस काड्या. "रोज यासना तुकडा करा. डावा हातनी."

"मी काय लहान पोरगं हाये का?"

"नही. पण उजवा हातवरना नखं आते तुम्ही कापशात. डावावरना मी कापसू. बठ्ठं मीच का करू?"

पहिल्या दिवशी एक काडी तुटली. दुसऱ्या दिवशी दोन. नेलकटर सटकून खाटेखाली जाई, आबा शिव्या देत, मी उचलून देई. काड्यांचे तुकडे मला चादरीत टोचायचे. पंधरवड्यानं वीसच्या वीस तुटल्या. मग एका बुधवारी आबांनी डाव्या हातानं स्वतःच्या निर्जीव उजव्या हाताची पाचही नखं कापली. अर्धा तास लागला. कापून झाल्यावर त्यांनी तो उजवा हात मला दाखवायला वर धरला, डाव्यानं मनगट पकडून. त्यानंतर ते व्यायामाला कधी नाही म्हणाले नाहीत. सहा महिन्यांत चार पायांची काठी घेऊन अंगणात जाऊ लागले. भाऊंना प्रार्थनेसाठी गेटबाहेर जायची गरज उरली नाही. आबा म्हणायचे, "बस इथंच, कर तुझं अर्धं मिनिट." आणि त्या अर्ध्या मिनिटाच्या आधी-नंतर भाऊ कधी येशूच्या गोष्टी सांगत. आबा डोळे मिटून पडत. मला वाटायचं, झोपतात.

मी भाऊंना विचारलं होतं, नखंच का? पट्ट्या बांधता, सुया देता, तेही करता आलं असतं. त्यांनी डबा बंद केला आणि सांगितलं. त्यांची बायको, सुशीलावहिनी, शेवटचे चार महिने दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यात होती. भाऊ डॉक्टरांच्या मागे, औषधांच्या मागे धावत होते. ती गेली. पेटीत ठेवताना त्यांनी तिचे हात छातीवर जुळवले, तेव्हा नखं दिसली. वाढलेली, काळी पडलेली. "हजारो लोकांच्या जखमा धुतल्या बाई. आणि माझ्या माणसाचा हात चार महिने हातात घेऊन बघितला नाही." मग सहा महिने ते घराबाहेर पडले नाहीत. पास्टर येऊन आशेविषयी बोलून जात, ते कानावरून जाई. एक दिवस शेजारच्या हमीदाबींनी खिडकीतून हाक मारली, कंबर वाकत नाही, पायाची नखं चपलेत रुततात, जरा कापून द्या. "देव हाक मारतो म्हणतात. मला वाटायचं, केवढा आवाज असेल. हमीदाबींच्या आवाजात आली हो हाक. आणि ती बाई ओरडते किती, तुम्हाला माहीत आहे." हे सांगताना ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दोन्ही एकदम.

इतका सोन्यासारखा माणूस, पण एक दोष होता आणि तो मी लिहिणारच. कुणाकडून काही घ्यायचं नाही. चहा नाही, दिवाळीचा फराळ नाही, पावसात रिक्षा करून देते म्हटलं तर नाही. "आमचं चालतं बाई." मला ते नम्रपणाचं वाटत नसे. त्यात एक ताठा होता. बहुतेक सुशीलावहिनींच्या नखांची शिक्षा ते स्वतःला अशी देत असावेत.

मागच्या वर्षी त्यांचे हात थरथरायला लागले. आधी वही लिहिताना, मग डबा उघडताना. आम्हाला दिसत होतं, त्यांना वाटे दिसत नाही. एका बुधवारी आबांच्या डाव्या तर्जनीला नेलकटर लागलं. रक्ताचा एक थेंब. आबा म्हणाले, "काही नाही झालं." पण भाऊंचा चेहरा पांढरा पडला. पस्तीस वर्षांत कुणाला ओरखडा न काढलेला माणूस. पट्टी त्यांनीच बांधली, तीही दोनदा सुटली. पुढच्या बुधवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. फोन उचलला नाही. हमीदाबींनी सांगितलं की दार उघडत नाहीत, त्या दाराशी ठेवतात ते जेवणाचं ताट तसंच राहतं.

आबा तीन आठवडे डाव्या हाताची नखं वाढवून बसले. मी कापते म्हटलं तर हात मागे. मग एका दुपारी म्हणाले, "पोरी, काठी दे. अन् नेलकटर घे."

भाऊंच्या घरापर्यंत दोन गल्ल्या जायला आम्हाला पाऊण तास लागला. आबांनी काठीनं दार ठोठावलं आणि ते थांबलेच नाहीत, तेव्हा दार उघडलं. भाऊंची दाढी वाढली होती. बाहीला इस्त्री नव्हती. खुर्चीत बसले आणि शालीत हात घेतले. आबा समोरच्या लोखंडी खाटेवर टेकले. त्यांना श्वास लागला होता.

"हात काढ."

"नको आबा."

"नखं किती वाढलीत पाहू दे."

"तुम्ही नको. तुमच्याकडून नको." भाऊंनी शाल आणखी ओढून घेतली. "मना आते काय उपेग, आबा? मनं काम संपनं."

मी पहिल्यांदाच ते त्यांच्या तोंडून ऐकत होते. आबांनी काठी बाजूला ठेवली.

"तू सांगत व्हता. तो तुमचा येशू चेल्यायचे पाय धुवाले बसला. एक जन नको म्हने. माह्ये पाय तू धुवाचे नाही म्हने. नाव काय त्याचं?"

भाऊ म्हणाले, "पेत्र."

"मंग ऐकलं का येशूनं त्याचं?"

आबा झोपत नव्हते तर.

भाऊंनी डावा हात शालीतून काढला. तो एवढा थरथरत होता की आबांनी तो स्वतःच्या मांडीवर ठेवून उजव्या, मेलेल्या हाताचं वजन वर ठेवलं. तो हात एवढ्या कामाला आला. मी खाली वर्तमानपत्र अंथरलं. आबांनी नेलकटर उचललं, तेवढ्यात भाऊ दचकले.

"आबा, आज शनिवार शे!"

मला खरंच लक्षात नव्हतं. मी आबांकडे बघितलं. सत्त्याहत्तर वर्षांत या माणसानं शनिवारी नख कापलं नव्हतं, आम्हाला कापू दिलं नव्हतं.

"असू दे," आबा म्हणाले.

करंगळीपासून सुरुवात केली. एकेक नख, घाई नाही. थरथर थांबायची वाट बघत, ती थांबत नाही असं दिसल्यावर तिच्या तालातच कापत. भाऊ खाली मान घालून बसले होते आणि वर्तमानपत्रावर नखांबरोबर पाण्याचे थेंबही पडत होते. हमीदाबी चहा घेऊन आल्या. मी कप भाऊंच्या ओठाशी धरला. ते प्याले.

पाच बोटं झाली. भाऊंनी सवयीनं अंगठा नखांवरून फिरवला. मधल्या बोटाशी थांबले.

"आबा, आठे खरखरीत राहिनं."

"राहू दे," आबा काठी शोधत उठले. "बुधवारी येतो. दुसरा हातही राहिलाय. काम बाकी शे."

आम्ही आणखी सात बुधवार गेलो. आठव्या बुधवारच्या आधी भाऊ झोपेत गेले. पण मला ते आठवतात ते त्या शनिवारचे. आबांना पायरी उतरवून मी मागे वळून पाहिलं, तेव्हा भाऊंचे दोन्ही हात शालीबाहेर होते, थरथरत होते, आणि ते त्यांच्याकडे बघत बसले होते.